कौलावरची दोन पावले

इटलीच्या आपेनाइन डोंगररांगेत, सुमारे हजार मीटर उंचीवर, पिएत्राब्बोन्दान्ते नावाचे लहानसे गाव आहे. गावाजवळ एके काळी सॅम्नाइट लोकांचे मोठे देवस्थान होते. मागे देऊळ, त्याच्यापुढे दगडी आसनांचे नाट्यगृह आणि समोर सगळे खोरे. या देवस्थानाच्या जागी छपराचे एक मोठे कौल सापडले आहे. त्याची माती ओली होती तेव्हा दोन बायकांनी त्यावर पाय दाबून ठसे उमटवले आणि शेजारी ओळी कोरल्या. दोघीही दासी होत्या. पहिलीने लिहिले: हेरेन्स सात्तिसच्या देत्फ्रीने तळपायाने खूण केली. दुसरीने लिहिले: हेरेनियसच्या आमिकाने खूण केली, आम्ही कौल मांडत होतो तेव्हा.

कौल भट्टीत गेले, पक्के भाजले आणि दोघींची पावले दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. पहिलीच्या ओळी ओस्कन भाषेत आहेत आणि उजवीकडून डावीकडे जातात. दुसरीच्या ओळी लॅटिनमध्ये आहेत आणि डावीकडून उजवीकडे जातात. काळ इ.स.पू. 100 च्या आसपासचा. एकाच कामावरच्या दोन बायका दोन भाषा दोन लिप्यांत लिहीत होत्या. पुढच्या काही पिढ्यांत त्यांतली एक भाषा जगातून नाहीशी झाली. हे व्याख्यान त्या भाषेविषयी आणि तिच्या बहिणींविषयी आहे.

प्राचीन इटली म्हणजे लॅटिन, असे समीकरण बहुतेकांच्या मनात पक्के असते. इ.स.पू. 400 च्या सुमाराला मात्र लॅटिन ही टायबर नदीच्या खालच्या अंगाला, लॅटियम नावाच्या एका छोट्या मुलखात बोलली जाणारी भाषा होती. तिच्या कितीतरी पट मोठ्या प्रदेशावर ओस्कन पसरली होती. सॅम्नियमचे डोंगर, कापुआ-नोला-पॉम्पेईचा सुपीक कांपानिया, त्याखालचा लुकानिया आणि थेट इटलीच्या पायाच्या अंगठ्यापर्यंत. पुढे सिसिलीतल्या मेस्सानात ठाण मांडून बसलेले मामेर्तिनी भाडोत्री सैनिकही ओस्कनच बोलत. मामेर्स हे युद्धदेव मार्सचे त्यांचे नाव. त्यांच्याच भांडणातून रोम आणि कार्थेज यांचे पहिले युद्ध इ.स.पू. 264 मध्ये पेटले. उत्तरेला टायबरच्या पूर्वेकडे उंब्रियन होती. मधल्या डोंगरांत पेलिग्नी, मार्सी, वेस्तिनी, मारुकिनी, व्होल्स्की, सबाइन अशा टोळ्यांच्या बोली होत्या. त्यांतल्या काहींचे आज मूठभर लेखच उरले आहेत. या सगळ्या कुळाला भाषाशास्त्रज्ञ साबेलिक म्हणतात.

साबेलिक आणि लॅटिन या बहिणी, पण बोलताना एकमेकींना न कळणाऱ्या. इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. 296 मध्ये रोमन सेनापतीला सॅम्नाइट छावणीत काय चालले आहे हे जाणून घ्यायचे होते, तेव्हा त्याने मुद्दाम ओस्कन जाणणारे हेर पाठवले.

या कुळाची ओळख पटवणारी पहिली खूण म्हणजे एक 'प'. मूळ इंडो-युरोपीय भाषेत ओठ गोल करून उच्चारायचा एक 'क्व' होता. संस्कृतात त्याचा क किंवा च झाला, लॅटिनमध्ये तो क्वच राहिला, साबेलिकमध्ये त्याचा प झाला. मराठीतल्या 'कोण' आणि 'काय' या शब्दांच्या मुळाशी जो प्रश्नार्थक क आहे, तोच लॅटिनमध्ये 'क्विस', 'क्विद' होऊन येतो आणि ओस्कनमध्ये 'पिस', 'पिद' होऊन. आपल्या 'चार'चा पूर्वज चत्वारि, लॅटिनमध्ये क्वात्तुओर, ओस्कनमध्ये पेतोरा. पाचाला लॅटिनमध्ये क्विन्क्वे, तर ओस्कनमध्ये पोम्प- हे रूप. रोमन इतिहासात गाजलेले पॉम्पेइयस हे घराण्याचे नाव त्यातूनच आले. पॉम्पेई या शहराचे नावही बहुधा त्यातलेच. 'पाचवा' या अर्थाच्या शब्दावरून पाँटियस हे नाव पडले. इ.स.पू. 321 मध्ये कॉडाइन खिंडीत रोमन सैन्याला कोंडून, नि:शस्त्र करून जोखडाखालून जायला लावणारा सॅम्नाइट सेनापती पाँटियस होता. येशूला क्रुसाची शिक्षा सुनावणारा पाँटियस पिलात हा रोमचा अधिकारी, पण त्याच्या नावातला प सॅम्नाइट डोंगरातला आहे.

दुसरी खूण म्हणजे शब्दाच्या पोटातला 'फ'. संस्कृतात जिथे ध किंवा भ येतो, लॅटिनमध्ये द किंवा ब, तिथे साबेलिकमध्ये फ. संस्कृत मध्य, लॅटिन मेदियुस, ओस्कन मेफिओ-. संस्कृत रुधिर, लॅटिन रुबेर, उंब्रियन रुफ्रो-, म्हणजे तांबडा.

घरातल्या शब्दांकडे पाहिले तर नाते आणखी जवळचे वाटते. लॅटिनने मुलगा-मुलगीसाठी फिलियुस, फिलिया हे वेगळेच शब्द घेतले आणि जुने टाकून दिले. साबेलिकने ते सांभाळले. मुलाला 'पुक्लो-', म्हणजे आपला पुत्र. मुलीला 'फुतिर', म्हणजे आपली दुहिता. मात्र सगळीकडे असे होत नाही, हे सांगायला हवे. अग्नीचा सोयरा इग्निस हा शब्द लॅटिनकडे आहे. उंब्रियनमध्ये विस्तवाला 'पिर' म्हणतात आणि तो ग्रीक शब्दाचा भाऊ आहे. पाण्याच्या बाबतीत उलट. उंब्रियन 'उतुर' हा उदकाच्या कुळातला, लॅटिनचा आक्वा वेगळ्या घरचा. भाषांची नाती कुळवृक्षाच्या चित्रात सरळ दिसतात. शब्दागणिक पाहिली की त्यांत अशी गुंतागुंत निघते.

या कुळाचा सर्वांत मोठा ठेवा उंब्रियामधल्या गुब्बिओ गावी आहे. जुने नाव इगुवियम. 1444 मध्ये तिथे सात कांस्यपट सापडले आणि 1456 मध्ये नगराने ते आपल्या ताब्यात घेतले. आजही ते त्याच गावच्या जुन्या नगरभवनातल्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडचे ताम्रपट बहुधा दानाचे, जमिनीचे, राजवंशाचे. हे सात पट मात्र पूजाविधीचे आहेत. चार हजारांहून अधिक शब्दांचा हा मजकूर आतिएदियन बंधू नावाच्या पुरोहित मंडळाचा आहे. आधीचे पट उंब्रियन लिपीत, शेवटचे लॅटिन लिपीत. एकच विधी पहिल्या पटावर थोडक्यात आणि सहाव्या-सातव्या पटावर प्रार्थनांच्या पूर्ण शब्दांसह येतो. जणू एक पुरोहिताच्या आठवणीसाठीचे टिपण आणि दुसरी पूर्ण पोथी.

विधी शहराच्या शुद्धीचा आहे. आधी पक्ष्यांचा कौल घ्यायचा. कावळा, सुतार, मॅग्पाय असे ठरावीक पक्षी कोणत्या दिशेने येतात ते पाहायचे. पाहणारा बसलेला असताना कोणी आवाज करायचा नाही. मग शहराच्या तीन दरवाज्यांशी बळी द्यायचे, पहिल्या दरवाज्यापुढे जुपिटर ग्राबोव्हियसला तीन बैल. पुढे सीमेवर शेजारच्या शत्रूजमातींची नावे घेऊन त्यांना हाकलायचे; त्यांत एट्रुस्कन आहेत, टाडिनम गावचे लोकही आहेत. आणि देवाकडे मागायचे काय? तर शहराचे रक्षण कर, विधीत काही चुकले असेल तर पदरात घे, आणि पुढाऱ्यांना, माणसांना, जनावरांना, शेतांना, पिकाला शुद्ध कर.

या यादीत तीन शब्द असे आहेत की संस्कृत कानावर पडलेला कोणीही दचकावा. पुढाऱ्यांसाठी 'नेर्फ', माणसांसाठी 'वेइरो', जनावरांसाठी 'पेक्वो'. नर, वीर, पशु. आणखी एका प्रार्थनेत 'दुपुर्सुस' आणि 'पेतुर्पुर्सुस' येतात: दोन पायांचे आणि चार पायांचे. द्विपाद आणि चतुष्पाद ही वैदिक प्रार्थनांतली जोडी इथे उंब्रियन वेशात उभी आहे. उच्चार बदलले, देव बदलले, पण शब्दांची जोडी सुटली नाही. हे उसनवारीने आलेले नाही. वेद रचणारे आणि उंब्रियन पुरोहित यांची कधी गाठ पडली नव्हती. दोघांच्या पूर्वजांचे घर एक होते, तिथून आलेली ही शिदोरी आहे.

'नेर' हा शब्द रोममध्येही पोचला. सबाइन वंशाच्या क्लॉडियस घराण्यात नीरो हे नाव चाले. रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो की सबाइन भाषेत त्याचा अर्थ बलवान, शूर असा होतो. रोमच्या कुप्रसिद्ध सम्राटाच्या नावात आपला 'नर' दडलेला आहे.

गुब्बिओचे पट वाचणे हे सोपे काम नव्हते. सापडल्यानंतर जवळजवळ चारशे वर्षे ते कोणालाच धड उलगडत नव्हते. पुढे इजिप्तविद्येत नाव कमावलेल्या रिचर्ड लेप्सियसने 1833 मध्ये आपला प्रबंध याच पटांवर लिहिला. खरा पाया मात्र 1849 ते 1851 या काळात आउफ्रेख्ट आणि किर्शहॉफ या दोन जर्मन विद्वानांनी घातला. यातला थिओडोर आउफ्रेख्ट हा आपल्याकडच्या संस्कृतज्ञांना परका नाही. ऋग्वेदाची रोमन लिपीतली संपूर्ण आवृत्ती 1861 ते 1863 मध्ये त्यानेच काढली, एडिंबरोत संस्कृतचा प्राध्यापक म्हणून त्यालाच नेमले आणि जगभरच्या संस्कृत हस्तलिखितांची 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' ही महासूची त्यानेच 1891 ते 1903 या काळात तीन भागांत प्रसिद्ध केली. त्या सूचीसाठी त्याने वापरलेल्या साधनांत रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे हस्तलिखित-शोधाचे अहवाल होते. एकाच माणसाच्या टेबलावर आधी गुब्बिओचे कांस्यपट आणि मग पुण्या-मुंबईहून आलेले अहवाल असणे, हा योगायोग म्हणता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात उंब्रियन समजून घेण्याची एक किल्ली संस्कृतच्या अभ्यासकांच्या हाती होती, आणि आउफ्रेख्टने ती नीट वापरली.

ओस्कनचे लेख पूजेपेक्षा व्यवहाराकडे अधिक झुकतात. यात सर्वांत वाचनीय आहे आवेल्लाचा दगड. इ.स.पू. दुसऱ्या शतकात नोला आणि आबेल्ला (आजचे आवेल्ला) या दोन शेजारी गावांच्या सीमेवर हेराक्लीजचे देऊळ होते, दोन्ही गावांचे सामाईक. कोणाची जमीन कुठवर, बांधकाम कोणी कुठे करायचे, याचा करार दगडावर कोरला. देवळाची तिजोरी उघडायची तर दोघांच्या संमतीने, आणि आत जे असेल त्यात दोघांचा वाटा. एके ठिकाणी लिहिले आहे की दोन गावांच्या हद्दींमधल्या रस्त्याच्या मधोमध सीमेचे दगड उभे आहेत. यातल्या 'मधोमध'साठी वर सांगितलेला मेफिओ- आला आहे आणि 'उभे आहेत'साठी 'स्ताएत', म्हणजे आपल्या स्था धातूचा सोयरा. हा दगड अठराव्या शतकात अभ्यासकाच्या नजरेस पडला तेव्हा आवेल्लाच्या किल्ल्यात दाराला लावलेला होता. देवस्थानाच्या उत्पन्नावरून आणि बांधावरून होणारे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हा करार वाचताना भाषांतराची फारशी गरज पडणार नाही.

अग्नोनेजवळ 1848 मध्ये एक छोटा कांस्यपट मिळाला, टांगायला साखळी असलेला. त्यावर धान्यदेवता केरेसच्या उपवनात पूजल्या जाणाऱ्या देवतांची यादी आहे. त्यात 'केरेसची मुलगी' आहे आणि तिथे 'फुतिर' हाच शब्द आहे. आज तो पट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

सर्वांत जुना थर आहे अॅड्रियाटिकच्या किनाऱ्याकडचा, दक्षिण पिकेनियन लेखांचा, इ.स.पू. सहाव्या शतकापासूनचा. 1934 मध्ये कापेस्त्रानोत शेतात दोन मीटरहून उंच असा दगडी योद्धा सापडला. डोक्यावर रुंद कडांची विलक्षण टोपी, हातात शस्त्रे आणि बाजूच्या आधारखांबावर राजाचा उल्लेख असलेली एक ओळ. या लेखांनी अभ्यासकांना फार छळले, आणि छळाचे कारण बारीक होते. या लिपीत 'ओ' आणि 'फ' ही अक्षरे आक्रसत आक्रसत नुसत्या टिंबांची झाली होती. वाचणारे त्यांना शब्द तोडणारी विरामचिन्हे समजत होते. टिंब म्हणजे अक्षर, हे ध्यानात आल्यावर शब्द जुळू लागले, आणि 1985 मध्ये आन्ना मारिनेत्ती यांनी या लेखांची पक्की आवृत्ती दिली. त्यांतल्या पेन्ना सांत'आंद्रेआच्या दगडांवर 'साफिन' हे नाव वाचता आले. 'तुता' म्हणजे लोक, समाज, साफिनांची तुता. सबाइन, सॅम्नियम, सॅम्नाइट ही सगळी नावे या एका 'साफिन'ची रूपे आहेत. रोमनांनी वेगवेगळ्या टोळ्या म्हणून नोंदवलेले हे लोक स्वतःला एकाच नावाने ओळखत होते.

मग या भाषा गेल्या कशा? रोमने तलवारीच्या जोरावर त्या पुसल्या, असे उत्तर सहज सुचते. ते अर्धेच खरे आहे. ओस्कन बोलू नये असा कायदा रोमने केल्याची नोंद नाही. उलट लिव्हीने इ.स.पू. 180 ची एक छोटी बातमी टिपून ठेवली आहे. कांपानियातल्या कुमाई गावाने रोमकडे अर्ज केला की आम्हाला सार्वजनिक व्यवहार लॅटिनमध्ये करू द्यावा आणि लिलाव पुकारणाऱ्यांना लॅटिनमध्ये पुकारण्याचा हक्क द्यावा. रोमने परवानगी दिली. लादलेली नव्हे, मागून घेतलेली लॅटिन. भाषेच्या इतिहासात इतकी बोलकी नोंद क्वचितच सापडते. लिलावाचा पुकारा ज्या भाषेत होतो, तिच्यात भाव ठरतो, हे कुमाईच्या लोकांना कळले होते.

त्यानंतर नव्वद वर्षांनी युद्ध झाले. रोमसाठी पिढ्यान्‌पिढ्या लढलेल्या इटलीतल्या मित्रजमातींना नागरिकत्व हवे होते. ते देऊ करणाऱ्या लिव्हियस द्रुसुसचा इ.स.पू. 91 मध्ये खून झाला आणि जमाती उठल्या. त्यांनी पेलिग्नींचे कोर्फिनियम राजधानी केले, तिचे नाव इतालिका ठेवले आणि नाणी पाडली. काही नाण्यांवर ओस्कन अक्षरांत 'वितेलिउ' आहे. इटली या नावाचे ते ओस्कन रूप, वासराच्या शब्दाशी जोडले जाणारे. एका नाण्यावर बैल लांडग्याला शिंगांनी लोळवतो आहे. बैल म्हणजे इटली, लांडगा म्हणजे रोम. साबेलिक भाषांना लाभलेले हे सर्वांत ठसठशीत चित्र.

पण त्याच नाण्यांकडे जरा निरखून पाहावे. बंडखोरांच्या कित्येक नाण्यांवर 'इतालिया' हे नाव लॅटिनमध्ये आहे. सॅम्नाइट सेनापती पापियस मुतिलुस आपले नाव ओस्कनमध्ये लिहितो, पण पदवी लावतो 'एम्ब्रातुर', म्हणजे लॅटिन इम्पेरातोरच ओस्कन तोंडातून. रोमशी लढणाऱ्याला सेनापती या शब्दासाठी रोमकडे जावे लागले. ते लढत होते रोमन होण्याच्या हक्कासाठी, आणि तो हक्क त्यांना मिळाला. ओस्कनचा ऱ्हास त्या विजयात आहे, असे ठामपणे म्हणायला हवे. नागरिक झालेल्या माणसाची मतदानाची, खटल्याची, सैन्याची भाषा लॅटिन झाली. मग घरात आजीशी बोलायला राहिलेली भाषा किती टिकणार?

तलवारीचा भागही होताच. इ.स.पू. 89 मध्ये रोमन सेनापती सुल्लाने पॉम्पेईला वेढा घातला तेव्हा शहरातल्या भिंतींवर रक्षकांसाठी ओस्कनमध्ये सूचना रंगवल्या होत्या: या वाटेने, बारावा बुरूज आणि मीठदरवाजा यांच्यामध्ये, जिथे मारास आदिरियस नेतृत्व करतो आहे. कोणत्या गल्लीतून धावत कुठे जमायचे, हे सांगणारी ती शेवटच्या घाईची भाषा. इ.स.पू. 80 मध्ये पॉम्पेई रोमन वसाहत झाली. त्याआधी इ.स.पू. 82 मध्ये रोमच्या कोलिन दरवाज्याशी सॅम्नाइट सैन्य हरले आणि सुल्लाने हजारो कैद्यांची कत्तल केली.

भाषा गेली, पण तिची पावले लॅटिनमध्ये राहिली. रोमन ज्याला लाल केसांचा म्हणत तो 'रुफुस' साबेलिक फ घेऊन आलेला. स्वस्त खानावळीचा 'पोपिना' हा शब्द स्वयंपाकाच्या लॅटिन शब्दाचा साबेलिक जुळा भाऊ. गाय-बैलासाठी लॅटिनमध्ये 'बोस' आहे. संस्कृत गौ या शब्दाशी जुळणारे अस्सल लॅटिन रूप व-ने सुरू व्हायला हवे होते. ब ही साबेलिक खूण. लांडग्याला संस्कृत वृक, लॅटिन 'लुपुस', आणि त्यातला प बहुतेक भाषाशास्त्रज्ञ साबेलिक मानतात. म्हणजे त्या नाण्यावरच्या बैलाला आणि लांडग्याला रोमन माणूस ज्या नावांनी ओळखे, ती दोन्ही नावे हरलेल्यांच्या उच्चारातली आहेत.

कौलावरच्या आमिकाकडे पुन्हा एकदा वळायला हवे. तिची लॅटिन शुद्ध नाही. कौलासाठीचा 'तेगुला' तिने 'तेगिला' लिहिला आहे. मालकाच्या नावाला तिने 'हेरेनेइस' असा प्रत्यय लावला आहे आणि तो षष्ठीचा प्रत्यय ओस्कनमधला दिसतो. नवी भाषा लिहिताना जुनीचे व्याकरण हाताखाली आले. भाषा बदलते तो क्षण असा दिसतो, आणि तो टिपून ठेवणारी व्यक्ती राजा नव्हती, विद्वान नव्हती, भट्टीवर राबणारी दासी होती.

ज्यांनी लॅटिन साहित्य घडवले, त्यांत या डोंगरांतली माणसे कमी नाहीत. विनोदी नाटककार प्लाउटुस उंब्रियातल्या सार्सिनाचा. त्याचे नावच सपाट पायांसाठीच्या उंब्रियन शब्दावरून आले असे प्राचीन कोशकार सांगतात, आणि देत्फ्रीने तळपायासाठी लिहिलेला 'प्लाव्ताद' त्याच मुळातला आहे. कवी एन्नियस ग्रीक, ओस्कन आणि लॅटिन येत असल्यामुळे आपल्याला तीन हृदये आहेत असे म्हणे. ओव्हिड हा कवी पेलिग्नींच्या सुल्मोत इ.स.पू. 43 मध्ये जन्मला, बंडाची राजधानी कोर्फिनियमच्या शेजारी, त्या युद्धानंतर जेमतेम पन्नास वर्षांनी. त्याच्या आजोबांच्या पिढीत त्या मुलखात पेलिग्नी भाषा दगडावर कोरली जात होती. ओव्हिडला आपल्या गावाचा आणि जमातीचा अभिमान होता, आणि तो त्याने कवितेत मोकळेपणाने लिहिला. त्याचे हजारो चरण आज हाती आहेत. ते सगळे लॅटिनमध्ये आहेत. पेलिग्नी भाषेतली एकही ओळ त्यांत नाही.